हौद्यातला दिवा

माझ्या नातवाने मागच्या महिन्यात देवळीहून एक जुनी पिकअप विकत आणली आणि आणल्याबरोबर तिच्या हौद्याला निळ्या-जांभळ्या दिव्यांची पट्टी लावून घेतली. दिवेलागणीला गाडी दारात उभी करून त्याने मला हाक मारली, ‘‘आजी, बाहेर ये वो, पाह्य कशी चमकून राह्यली!’’ मी चष्मा पुसत ओट्यावर आले. हौदा नवरदेवासारखा नटला होता. पोरगं कौतुकाची वाट पाहत उभं आणि माझ्या मात्र डोक्यात तिडीक उठली. त्याच्यावर नाही, त्या बिचाऱ्याने काय केलं? तिडीक उठली ती मी पंधरा वर्षांची असतानाच्या एका बल्बवर. सून म्हणते, या वयात इतका संताप बरा नाही, गोळ्या वाढतील. वाढू देत. काही माणसं म्हातारपणी लोणच्याच्या बरण्या जपतात, मी हा राग जपला आहे, आणि डोळे आहेत तोवर तो एकदा कागदावर उतरवून ठेवणार आहे.

तेव्हा आम्ही सेलूला राहत होतो. माझे बाबा, कवडू डायवर, मालकाची मोटार चालवायचे. लढाईच्या काळात पलटणीत गेले आणि गाडी हाकायला शिकून आले. परत आल्यावर गावच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाने पलटणीच्याच भंगारातून एक गाडी उचलली आणि ती चालवायला गावात दुसरं माणूस नव्हतं म्हणून बाबांना ठेवलं. एरवी ठेवलं नसतं, हे मालकही जाणून होते आणि बाबाही. पुढे दोन माणसांपुरती केबिन, मागे लाकडी फळ्यांचा उघडा हौदा. आम्ही तिला ‘लहानी मोटार’ म्हणायचो. मोठा ट्रक गाठी घेऊन दूर जायचा आणि लहानी मोटार शेतावरून कापूस आणायची. थंडीत ती सहजासहजी सुरू होत नसे. बाबा समोर उभं राहून हँडल मारायचे, ती घर्र करून गप्प बसायची, बाबा पुन्हा मारायचे, आणि सुरू झाली की सगळ्या वस्तीला कळायचं. त्या आवाजावर माझी माय चुलीवरची शेवटची भाकर उलटायची. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, पौषात तुरीच्या सोल्यांची, ओल्या दाण्यांची, पातळ भाजी. तिच्या वासानेच मला जाग यायची. आदल्या वर्षी आम्ही सारे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. आल्या आल्या मायने देव्हारा उतरवला आणि त्या कोनाड्यात घासलेटची चिमणी ठेवली. म्हणाली, ‘‘इथं आता उजेड राह्यला पाह्यजे.’’ ती कमी बोलायची, पण बोलली की तसं व्हायचं.

कापसाच्या दिवसांत माय वेचायला जायची आणि त्या हंगामात शाळा बुडवून मीही. मालकाचं शेत केळझरच्या अंगाला होतं. सकाळी बाबा बायांना हौद्यात बसवून न्यायचे. दिवसभर पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळींत वाकून वेचायचं, कमरेच्या ओटीत कापूस भरायचा, ओटी भरली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओतायची. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघायची. सांजेला तो सगळा कापूस हौद्यात भरायचा आणि त्याच्यावर आम्ही पंधरा-वीस बाया बसायचो. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. शेतातून निघेपर्यंतच एकमेकींची तोंडं दिसेनाशी व्हायची. कंदील नेऊ देत नसत. कापसाच्या गाडीत आग नको, हे खरंच होतं, त्यावर कोणाचं भांडण नव्हतं. विडी पिणारी कौसाबाईसुद्धा गाडीत विडी काढत नसे.

पण त्या अंधारात आमच्याबरोबर एक पुरुषही बसायचा. मालकाचा साळा. कापसाची राखण करायला म्हणून त्याला मागे बसवलेलं. मालकाची मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून सगळं गाव मामासाहेब म्हणायचं. मामा! आमच्यात मामा लग्नात भाचीच्या पाठीशी उभा राहतो. या माणसाला तो शब्द लावताना आजही माझी जीभ कडू होते. त्याच्या हातात एक काठी असे. हौद्यातून डायवरला सांगायचं तर केबिनच्या टपावर ठोकायचं, अशी सगळीकडचीच रीत. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. काठी त्याच्याकडे, म्हणून ठोके मारायचा हक्कही त्याचाच.

मी पहिल्याच आठवड्यात कडेला बसले. गाडी सुरू झाली, बाया काहीतरी गुणगुणत होत्या, आणि माझ्या पाठीवर एक हात आला. मला वाटलं, धक्क्याने कोणी तोल सावरला. हात तिथेच राहिला. मग तिथे राहिला नाही. मी ओरडलेसुद्धा नाही. घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकर थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. ‘‘तू मधात बसत जाय,’’ ती म्हणाली. ‘‘पोट्ट्या मधात बसतेत, म्हाताऱ्या कडीले. तुले सांगाले पाह्यजे होतं मी.’’ म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कोण कुठे बसायचं याची रांग त्या हातावरून ठरली होती आणि वर्षानुवर्षं अशीच चालत आली होती. मी इतकी चिडले की जेवले नाही. मायवर चिडले, बायांवर चिडले. आज वाटतं, चिडायला मी मोकळी होते, कारण माझं पोट बाबांच्या पगारावर भरत होतं. बाकीच्यांचं त्या हौद्यावर.

बाबांना मी हाताचं नाव घेऊन सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं, ‘‘बाबा, मांगं एक बत्ती लावा ना. पुढं दोन दोन हायेत.’’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मालकांपुढे उभं राहून त्यांनी विचारलं. मी दाराबाहेर होते, ऐकत होते. मालक हसले. ‘‘कवडू, बायांना हौद्यात बसून काय पोथी वाचायची आहे का रे? कापसाला उजेड कशाला हवा?’’ तिथे बसलेले दोघे-तिघेही हसले. बाबा परत आले आणि हँडल मारायला लागले.

आणि मग पंधरा दिवसांत काय झालं पाहा. शेतात मोजलेला कापूस आणि जिनावर मोजलेला कापूस यांत फरक पडू लागला. वजन का घटतं हे कोणालाच कळेना, पण चोर कोण हे लगेच ठरलं. बाया म्हणे वाटेत लुगड्यात कापूस लपवतात. जिनाच्या फाटकावर आम्हाला एका ओळीत उभं करून ओट्या झटकायला लावल्या. कौसाबाई साठीची होती. तिने ओटी सोडली, झटकली, तिचं कापड मालकांच्या पायापर्यंत लांब पसरलं आणि म्हणाली, ‘‘पाहून घ्या बरोबर. धूळ हाये, तुमच्याच वावरातली.’’ काहीच सापडलं नाही. तरी त्याच संध्याकाळी मालकांनी बाबांना बोलावून सांगितलं, ‘‘हौद्यात बत्ती लाव. या काय करतात ते दिसलं पाहिजे.’’ मी मागितला तेव्हा जो उजेड कापसाला नको होता, तोच आता आमच्यावर पहारा करायला हवा होता! बायांची अब्रू जात होती तेव्हा उजेड महाग. कापूस गेल्याचा नुसता संशय आला आणि उजेड स्वस्त.

पण दिवा लावायला बसल्यावर बाबा सगळं विसरले, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी भंगारातून मागच्या दिव्याचं एक जुनं घर काढलं, लाल काच काढून साधी बसवली. बॅटरीपासून तार काढली, ती गाडीच्या पोटाखालून नेली, घासून तुटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये ओवली. दिवा हौद्याच्या पुढच्या फळीवर, केबिनच्या अगदी मागे, उंच बसवला. बल्ब तापतो, कापूस त्याला टेकला तर घात. बाबा विचार करत बसले तेव्हा मायने घरातून ज्वारी चाळायची चाळणी आणून दिली, मोठ्या भोकांची, कडेला जरा फाटलेली. बाबांनी ती बल्बवर पालथी ठोकली. आणि बटन? बटन बसवलं पुढे, केबिनमध्ये, स्वतःच्या उजव्या हाताशी. डायवरची सगळी बटनं तिथेच असतात. तेव्हा ते कोणालाच खटकलं नाही, मलाही नाही. मालकीणबाईंनी येऊन बल्बला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे आमच्या ओंजळीत वरून टाकले, हात लागू न देता. त्या घराचा हात आमच्या अंगाला कधी लागायचा आणि कधी नाही, याचा हिशेब मी तेव्हाच करायला शिकले.

पहिल्या संध्याकाळी केळझरच्या वळणावर बाबांनी बटन दाबलं आणि हौदा उजळला. चाळणीच्या भोकांतून उजेडाचे ठिपके सगळ्यांच्या तोंडांवर, लुगड्यांवर, पांढऱ्या कापसावर पडले. बाया खळखळून हसायला लागल्या. ‘‘अवो कौसाबाई, तुमच्या तोंडावर तं देवीचे वण उठल्यासारखे दिसून राह्यले!’’ माझ्याहून थोडीशी मोठी यशोदी म्हणाली. तिचं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. कौसाबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढचे काही दिवस तर आमची चंगळच झाली. कोणी बोटातलं कूस काढायची, कोणी उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलायची, कोणी दुसरीच्या डोक्यात हात घालायची. मी शाळेचं पुस्तक नेऊ लागले आणि मोठ्याने वाचू लागले. मालक म्हणाले होते ना, पोथी वाचायची आहे का? घ्या, वाचली. आणि मामासाहेब हौद्याच्या शेवटच्या टोकाला, पाठ करून, रस्त्याकडे पाहत बसायचे. बाया पहिल्यांदाच मनाला येईल तिथे बसल्या.

मग एके दिवशी टपावर तीन ठोके पडले. आम्हाला काही कळलं नाही. दिवा विझला. मामासाहेबांनी बाबांना नवी रीत नेमून दिली होती. तीन ठोके म्हणजे बत्ती बंद. बॅटरी उतरते म्हणे. कापूस भरताना दिवा, जिनाच्या फाटकाजवळ दिवा, मधल्या सगळ्या रस्त्याला अंधार. आणि बाबांनी ते मान्य केलं होतं. त्या अंधारात बाया न बोलता पुन्हा सरकल्या, म्हाताऱ्या कडेला, आम्ही मधात. यशोदीचा श्वास मला ऐकू येत होता. मला एकच गोष्ट डाचत होती. थांब म्हणायला ठोका होता, चल म्हणायला होता, विझव म्हणायला होता. दिवा लाव म्हणायला ठोकाच ठरलेला नव्हता. आणि विझवणारा हात माझ्या बापाचा होता.

त्या संध्याकाळी घरी माय नेहमीसारखी चुलीपाशी बसली. बाबा हातपाय धुऊन आले. तिने ताट वाढलं. भाकर, सोल्यांची भाजी, कांदा. बाबांनी पहिला घास मोडला, भाजीत बुडवला. मायने उलथनं उचललं आणि शेजारच्या पिठाच्या डब्यावर ठोके मारले. एक. दोन. तीन. आणि कोनाड्यातली चिमणी फुंकून टाकली. चुलीतला निखाराही तिने राखेखाली झाकला होता, हे मला तेव्हा कळलं. काळामिट्ट अंधार झाला.

‘‘हे काय करून राह्यली?’’ बाबा म्हणाले.

‘‘घासलेट सरते,’’ माय म्हणाली. ‘‘जेवा तुमी.’’

ताटात त्यांची तेलकट बोटं चाचपडत असल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळाने माय अंधारातूनच म्हणाली, ‘‘तुमच्या ताटात कोनाचा हात नाई. तरी घास जाऊन नाई राह्यला. तुमची पोरगी बसते तिथं. मी बसतो. आमच्या अंगावर हात हाये.’’ एवढंच. मला वाटलं, आता भांडण होईल, बाबा उठतील. बाबा उठलेच नाहीत. कधीतरी काडी ओढल्याचा आवाज झाला. चिमणी बाबांनीच लावली. त्यांचं ताट तसंच होतं आणि ते मायकडे बघू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सांजेला केळझरचं वळण गेलं आणि टपावर तीन ठोके पडले. दिवा विझला नाही. आता त्या माणसाची सवय बघा. ठोके मारले म्हणजे अंधार झालाच, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की काठी खाली ठेवता ठेवता त्याचा हात यशोदीच्या पोलक्याशी पोचलासुद्धा. आणि चाळणीचे ठिपके त्या हातावर पडलेले. अंगठीचा खडा चमकत होता. पंधरा-वीस बायांनी तो पाहिला. त्याने झटक्यात हात काढून पुन्हा ठोके मारले, तीन, आणखी तीन, टप वाजवून काढला. दिवा जळतच राहिला. कौसाबाई सरकली आणि तिने त्याचं मनगट धरलं. कापूस वेचून वेचून तिची बोटं चिमट्यासारखी झाली होती. ‘‘मामाजी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमाले कापसाची राखन कराले बसवलं ना? मंग हात कापसावर ठिवा.’’ आणि तिने तो हात कापसात दाबून धरला. तो ओढून पाहत होता, शिव्या देत होता, पण दुसऱ्या बाजूने माझ्या मायने त्याचा दंड धरला होता. जिनाच्या फाटकापर्यंत कोणी हात सोडला नाही आणि बाबांनी गाडी कुठे थांबवली नाही.

मालक फाटकात उभे होते. दिवा चालू, हौदा उघडा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर. यशोदी रडत होती. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, साळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘चला, उतरा. माल खाली करा.’’ बस्स. एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना तोंड फुटलं. ‘‘कवडू, ती बत्ती काढून टाक. बॅटरी खराब होते.’’ माणूस तसाच ठेवला आणि दिवा काढला! दिव्याने घराण्याची लाज काढली होती ना, गुन्हेगार तोच.

बाबांनी दिवा काढला. चाळणी घरी आणून मायपुढे ठेवली. पुढच्या सकाळी वस्तीच्या तोंडाशी लहान्या मोटारीचा भोंगा वाजला आणि बाया डबे घेऊन जमल्या. कौसाबाईने मागच्या चाकावर पाय देऊन आत डोकावलं. ‘‘दिवा कुठी हाये?’’

‘‘मालकानं काढाले सांगतला,’’ बाबा म्हणाले.

‘‘मंग मालकालेच सांगा वेचाले,’’ ती म्हणाली आणि घरी निघाली. तिच्यामागे एकेक करत साऱ्याच. मायने बाबांच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि तीही वळली. ज्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नव्हती, त्याही वळल्या. मामासाहेबांनी दुसऱ्या गावांतून बाया आणायला माणसं धाडली, पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पराटीवर कापूस फुटून लोंबायला लागला. मग आभाळ भरून आलं. अवकाळी पावसाचा एक सडाका आला असता तर सगळा कापूस काळा पडला असता. जे काम यशोदीच्या आसवांनी झालं नाही ते त्या ढगांनी केलं. मामासाहेब तब्येतीचं कारण काढून नागपूरला गेले, दिवा पुन्हा लावायचा हुकूम झाला, आणि बाबा मायकडून चाळणी मागून घेऊन गेले. या वेळी त्यांनी बटन हौद्यात बसवलं, फळीच्या आतल्या बाजूला, बसलेल्या बाईचा हात पोचेल तिथे. सकाळी त्यांनी हे काम संपवलं आणि संध्याकाळी मालकांनी त्यांच्याकडून गाडीचं हँडल काढून घेतलं. ठोके न ऐकणारा डायवर त्यांना नको होता.

बाबा त्यानंतर सायकली दुरुस्त करत राहिले. गाडी पुन्हा त्यांच्या हातात आली नाही. लहानी मोटार रस्त्याने गेली की आवाजावरून सांगायचे, कोणता नट ढिला झाला आहे. त्या गोष्टीबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण घरची चिमणी मात्र शेवटपर्यंत रोज तेच लावायचे, मायला लावू देत नसत.

पुढे मी शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी आमच्याच शाळेच्या पटांगणात मालकांचा सत्कार होता. हार, शाल, सगळं झालं. एक वक्ते उठले आणि त्यांनी सांगितलं की, त्या काळात मजूर स्त्रियांच्या सोयीसाठी गाडीच्या हौद्यात दिवा लावणारा असा कनवाळू मालक साऱ्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. टाळ्या पडल्या. मालकांनी हात जोडले. हात जोडले त्यांनी! मी खुर्चीवरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘चाळणी माझ्या मायची होती!’’ लोकांना काय समजलं कोण जाणे. मी दोन शब्द कौतुकाचे बोलले असं वाटून त्यांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. तो टाळ्यांचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

तर त्या दिवशी नातू दारात उभा होता, हौदा चमकत होता, आणि तो म्हणत होता, ‘‘सांग ना आजी, कशी दिसते?’’ पुढच्या महिन्यापासून तो सोयाबीन सोंगायला बायांना ने-आण करणार आहे. मी ओट्यावरून उतरले, हौद्याला हात लावून पाहिला.

‘‘चांगली दिसते,’’ मी म्हटलं. ‘‘बटन कुठी हाये?’’

‘‘पुढं. माह्यापाशी.’’

‘‘काढ तिथलं. मांगं लाव.’’

‘‘मांगं कायले, आजी?’’

मी त्याला समोर बसवलं आणि हे सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. सांगून झाल्यावर तो उठला, आत जाऊन पेचकस घेऊन आला, आणि हौद्यात चढून मला म्हणाला, ‘‘तू बसून दाखव. कुठपर्यंत हात पोचते तुहा?’’